अकराव्या पानावर

अनुपमाबाईंना मुलाचं तोंड बघावं लागत नसे. वही पुरे होई. लाल पेनचं टोपण उघडायच्या आधी त्या पानावरून नुसती नजर फिरवत आणि म्हणत, "चंदू, काल घरात भांडण झालं ना रे?" चंदू आ वासून बघत राही, कारण भांडण झालेलं असे. राग आला की वेलांट्या आखडतात, मन घाईत असलं की काने पुढं झुकतात आणि पोर खुशीत असलं की शिरोरेषा ओळ सोडून जराशी वर चढते, हे बाईंचं एकवीस वर्षांचं शास्त्र होतं. पोलादपूर तालुक्यात ह्या शास्त्राचा त्यांच्याएवढा जाणकार दुसरा कोणी नव्हता, कारण दुसरं कोणी त्याच्या वाटेलाच गेलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत त्यावरून चेष्टा चाले. गणिताचे राजेशसर म्हणत, बाई वह्या तपासत नाहीत, नाडी तपासतात. एकदा बाईंनी एका वहीवरून 'हिच्याकडे मुंबईचे पाहुणे आलेत' असं ठणकावून सांगितलं, तेव्हा सरांनी ती वही नाकाशी धरली आणि हा शोध अक्षरावरून नसून बोंबलाच्या वासावरून लागल्याचं जाहीर केलं. बाई खो खो हसल्या, पण माघार घेतली नाही. कापड्याच्या हैबतरावांची लेक ती. त्या घरात माघार घ्यायची पद्धतच नव्हती.

त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस परीक्षा मंडळाचं पत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापकांना घाम फुटला आणि अनुपमाबाई चक्क खूश झाल्या.

पत्र रंजिता भैरू ढेबे हिच्याबद्दल होतं. दहावीच्या मराठीच्या पेपरात अकराव्या पानापासून हस्ताक्षर बदललेलं आढळलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय पर्यवेक्षकांची नोंद होती की, सव्वाबाराच्या सुमारास विद्यार्थिनी जागेवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पुढचा पेपर दुसऱ्या कोणीतरी लिहिला असावा असा संशय आहे, महाडला सुनावणी ठेवली आहे, पालक आणि शिक्षकांसह हजर राहावे, खुलासा पटला नाही तर संपादणूक रद्द होईल. 'संपादणूक रद्द' हे दोन शब्द मुख्याध्यापकांनी दोनदा वाचले.

"सर, तुम्ही काळजी सोडा," बाई म्हणाल्या. "मूड बदलला की अक्षर बदलतं. हे मी एकवीस वर्षं सांगत्येय. आता मंडळाला सांगीन."

रंजिता डोंगरावरच्या वाडीतली. सात घरांची वाडी, घरापेक्षा गोठे मोठे, आणि शाळेला खाली उतरायचं तर दीड तासाची पायवाट. त्या वाडीतून दहावीच्या वर्गात बसलेली ती पहिलीच मुलगी. महाडच्या मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी बाईंनी शब्द टाकून ठेवला होता. निकाल लागला की अकरावीला तिथं राहायचं, एवढं ठरलेलं होतं. पण ते ठरलं होतं खाली, शाळेत. वर वाडीत रंजिताची आजी अंबूबाई होती आणि तिचं ठरवणं वेगळं होतं. आठवीत नाव घालायला बाई स्वतः डोंगर चढून गेल्या होत्या, तेव्हा म्हातारीनं चुलीपुढून न उठता आपली अट सांगितली होती, "शिकू दे. पन गुरं राखून शिकू दे. बुकाच्या पायी माजं एक जरी जनावर गेलं, तर बुक ह्या चुलीत." बाई तेव्हा हसल्या होत्या. म्हातारी हसली नव्हती.

म्हणजे पेपर रद्द झाला असता तर वर्ष गेलं असतं, वसतिगृह गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी ही मुलगी पुन्हा परीक्षेला बसेल अशी आशा खुद्द बाईंनीही धरली नसती.

बाईंनी रंजिताला शाळेत बोलावून घेतलं. ती आली ती करवंदांची पिशवी घेऊनच.

"पेपर कोणी लिहिला?"

"मीच लिवला, बाई. शप्पथ."

"ते मला माहितीय गो. अक्षर मधेच का बदललं?"

रंजितानं पिशवीचे बंद आवळले, सोडले. "माहीत नाय."

"आणि खिडकीपाशी कशाला गेलीस?"

"उकडत होतं."

बाईंनी ते उत्तर तसंच मान्य केलं. खरं म्हणजे इथंच त्यांनी थांबायला हवं होतं, कारण मार्चच्या सुरुवातीला त्या वर्गात पोरं उकाड्यानं उठून उभी राहावीत असं काही उकडत नव्हतं. पण बाईंकडे उत्तर आधीच तयार होतं. पहिलाच पेपर, बोर्डाची परीक्षा, म्हणून पोर सुरुवातीला भेदरलं. पुढं निबंध मनासारखा आला, धीर चेपला, अक्षर सुटलं. इतकं सरळ असताना खोदून कशाला विचारायचं? त्यांनी रंजिताच्या वर्षभराच्या नऊ वह्या गोळा केल्या, पानापानाला चिठ्ठ्या लावल्या आणि मंडळाला शिकवणी द्यायची तयारी केली.

सुनावणीच्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर रंजिता बापासोबत उभी होती. भैरू ढेबे हा वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. सही येत नव्हती, वाचायचा प्रश्नच नव्हता. पण त्या खोऱ्यात कोणाचं जनावर हरवलं की त्याला बोलावणं जाई. बाईंच्या लहानपणी हैबतरावांचा खोंड दावं तोडून गेला होता, तेव्हा हाच भैरू, विशीतला, सकाळच्या उन्हात त्यांच्या बांधावर उकिडवा बसून मातीकडे बघत होता. बराच वेळ बघून म्हणाला, नदी ओलांडलीय, पुढचा उजवा पाय दुखतोय, फार लांब नाय जायचा. खोंड तिसऱ्या शेतात सापडला, लंगडत. बाईंना ते आज एसटीत आठवलंही, पण त्याचा आजच्या कामाशी काही संबंध आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या मांडीवर नऊ वह्या होत्या.

महाडात उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. शिपायानं भैरूची काठी दाराबाहेर ठेवायला लावली आणि तो हॉलच्या मागच्या बाकावर, हात कुठं ठेवावेत ह्याच्या विचारात बसला. समितीत तिघं होते. दोघं फायली चाळत होते आणि बोलणारे एकच, अश्वजित गमरे नावाचे निवृत्त मुख्याध्यापक. सकाळच्या गाडीनं वीर स्टेशनला उतरून रिक्षानं आलेले, पांढऱ्या सदऱ्याला एकही चुणी नाही. त्यांच्यापुढं त्या दिवशी सात मुलांची प्रकरणं होती. समितीनं त्या सगळ्यांना आधी एका रांगेत बसवून एकच उतारा लिहायला दिला. मग एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली.

रंजिताची पाळी आली. गमरेसरांनी उत्तरपत्रिका उघडून बाईंपुढं सरकवली.

बाईंनी मुलीचा पेपर पहिल्यांदाच पाहिला. दहाव्या पानापर्यंत अक्षर मुंगीएवढं, एकमेकांना चिकटलेलं, पेन इतकं दाबलेलं की कागदाला पोचे पडले होते. अकराव्या पानावर, तिसऱ्या ओळीत, एका शब्दाच्या मधोमध पेन उचललेलं दिसत होतं. आणि त्यानंतर अक्षर असं काही सुटलं होतं की बस. टपोरं, मोकळं, शिरोरेषा वर चढलेल्या, ओळीला दहा शब्दांऐवजी सहाच. दोन हात वाटावेत, हे बाईंनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. पण मनातल्या मनातच.

"सर, हे एकाच मुलीचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या आणि वह्या उघडल्या. मग त्यांनी पाऊण तास शिकवलं. हे पान जुलैतलं, ओढ्याला पूर आला होता आणि मुलगी चार दिवस शाळेला मुकली होती, वेलांट्या बघा. हे दिवाळीनंतरचं, हिला वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं, शिरोरेषा बघा. भीती, राग, आनंद, कंटाळा, सगळं चिठ्ठ्या लावून हजर होतं. समितीतले दुसरे दोघं फायली सोडून ऐकू लागले. बाई फुलल्या.

गमरेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "बाई, तुम्ही उत्तम शिकवता. पण तुमच्या सांगण्यावरून एवढंच कळतं की अक्षर बदलू शकतं. ह्या पेपरात ते हिनंच बदललं, हे कशावरून? उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझा मूड बदलला."

"म्हणजे काय सर, वह्यांवरून..."

"ही दोन अक्षरं वह्यांत सापडतात. तशी दहा जणांच्या वह्यांत सापडतील. आता हा आजचा उतारा बघा."

त्यांनी रंजितानं तासाभरापूर्वी लिहिलेला कागद पुढं ठेवला. बाईंनी तो जवळ ओढला. ते अक्षर मुंगीसारखंही नव्हतं आणि टपोरंही नव्हतं. ते उभट, थरथरलेलं, शाळकरी अक्षर होतं, पहिलीतल्या मुलानं गिरवल्यासारखं. पोरगी भेदरली होती आणि भेदरून तिनं तिसरंच अक्षर काढलं होतं.

"आता ही तीन झाली," गमरेसर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. ते रंजिताकडे वळले. "बाळ, मला बाईंकडून नको, तुझ्याकडून हवंय. अकराव्या पानावर तू शब्दाच्या मधे पेन उचललंस. उठलीस. खिडकीपाशी गेलीस. तिथं काय होतं?"

रंजितानं मागं वळून बापाकडे पाहिलं. मग खाली बघितलं. "काय नाय."

"कोणी उभं होतं का?"

"नाय."

"मग?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग गो. घाबरू नकोस." मुलीचा खांदा दगडासारखा झाला होता. त्या क्षणी अनुपमाबाईंना कळलं की ही परीक्षेला घाबरलेली नाही. ही मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला घाबरली आहे. एकवीस वर्षांचं शास्त्र आणि ही साधी गोष्ट आपल्याला आत्ता कळावी, ह्याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते बोंबील पुन्हा आठवले.

गमरेसरांनी पेन उचललं. "मग मला नाइलाजानं..."

"साहेब," मागून आवाज आला. "मला ते कागद बघू द्याल काय?"

भैरू उठून उभा होता. समितीतला एक जण म्हणाला, "तुम्हाला वाचता येतं का?"

"नाय. वाचायचं नाय मला."

गमरेसरांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि हातानं पुढं बोलावलं. भैरूनं उत्तरपत्रिका घेतली, पण टेबलावर नाही ठेवली. दारातून ऊन जिथं तिरकं आत आलं होतं तिथं नेऊन ती फरशीवर ठेवली आणि समोर उकिडवा बसला. बाईंना बांध आठवला. त्यानं चौथं पान बघितलं, मग चौदावं, मग पुन्हा चौथं. पानाच्या डाव्या कडेनं, ओळी जिथं सुरू होतात तिथून, अंगठा वरून खाली हळूहळू फिरवला.

"चाल येगळी हाय," तो म्हणाला. "हितं भ्यालेलं जनावर हाय, अंग चोरून चाललंय. हितं घराकडं चाललंय. पन खूर त्योच."

समितीतले दोघं हसले. गमरेसर हसले नाहीत. "कशावरून?"

"हात लावून बघा की. दर ओळीला आधी पेन रोवलंय. खड्डा पडलाय. मग चाललंय." त्यानं स्वतःचा गुडघा थोपटला. "आमचं पोर बाकावर बसून लिवायला नाय शिकलं. गुरांच्या मागं, उतारावर बसून, गुडघ्यावर वही घेऊन शिकलं. वही घसरती. म्हनून आधी पेन रोवायचं, वही धरायची, मग लिवायचं. आता बाक दिला तरी ती सवं नाय जात."

गमरेसर खुर्चीतून उठले. ते टेबलापाशी गेले, सातही मुलांचे उताऱ्याचे कागद घेतले, नीट पिसले आणि लिहिलेली बाजू खाली करून फरशीवर एका ओळीत मांडले. सात कोरे पांढरे कागद. "ह्यात तुमच्या मुलीचा कोणता?"

रंजितानं बाईंचा हात घट्ट धरला, बाईंनी तिचा. त्या दोघींत जास्त कोण घाबरलं होतं हे सांगणं कठीण होतं, आणि बाईंना असं घाबरायची अजिबात सवय नव्हती.

भैरूनं घाई केली नाही. एकेक कागद उचलून तो पाठीमागून अंगठ्यानं चाचपायचा आणि जागच्या जागी ठेवायचा. पहिला. दुसरा. तिसऱ्यापाशी तो थांबला, मग तोही ठेवला. चौथा, पाचवा. सहाव्यावर अंगठा कडेनं एकदाच फिरला. त्यानं तो कागद गमरेसरांच्या हातात दिला. सातवा बघितलाच नाही.

गमरेसरांनी कागद उलटला. वरच्या कोपऱ्यात नाव होतं, रंजिता भैरू ढेबे.

त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःचा अंगठा त्या कागदाच्या पाठीवरून फिरवला. मग उत्तरपत्रिकेच्या चौथ्या पानावरून. मग चौदाव्या. नंतर बाईंच्या नऊ वह्यांमधली एक ओढली आणि तिच्यावरूनही. "आहे," ते म्हणाले. "प्रत्येक ओळीला आहे." कागद आणि वही त्यांनी इतर दोघांकडे दिली, आणि ते दोन गंभीर गृहस्थही डोळे मिटून कागद चाचपू लागले. एरवी बाईंना हसू आवरलं नसतं. आज त्या स्वतःही एक वही घेऊन चाचपत होत्या. एकवीस वर्षं त्यांनी पानं वरून वाचली होती. पान कधी हातानं बघितलंच नव्हतं. ओळीच्या तोंडाशी अंगठ्याला तो बारीक खड्डा लागला आणि त्यांना इतका आनंद झाला की हरल्याचं दुःख करायला सवडच मिळाली नाही.

"हस्ताक्षर एकाच व्यक्तीचं आहे, असं मी लिहितो," गमरेसर म्हणाले. "पण खिडकीची नोंद माझ्यापुढं आहे. ती मी खोडू शकत नाही. तिचं कारण मला लागेल."

रंजिता पुन्हा फरशीकडे बघू लागली.

"काजळीची घंटा वाजली व्हती," भैरू म्हणाला.

रंजितानं मान झटक्यानं वर केली.

"काजळी आमची म्हस, साहेब," तो गमरेसरांना सांगू लागला, लेकीकडे न बघता. "गाभन व्हती. परीक्षेच्या आधी चार दिस हरवली. मी पावन्याकडं वरल्या अंगाला गेलेलो. परत आलो तर थोरला, विनोद, म्हनतो, माज्या हातून गेली. म्हातारी त्याला शिव्या देत बसलेली. मी रानात जाऊन माग काढला. म्हशीच्या मागं विनोदची पावलं नव्हती. चपलेची डावी टाच झिजलेली पावलं व्हती. उंबराखाली येऊन थांबलेली. तिथं बसून गवत दबलेलं, लई येळ बसल्यासारखं. आन् म्हशीचा माग एकटाच खाली गेलेला, कापड्याकडं."

"बा," रंजिता म्हणाली. मग एकदम सगळं बाहेर आलं. "मी वाचत होते. धडे राहिलेले. वर बघितलं तर ती नव्हती. आजी बुकं चुलीत घालील म्हणून विनोददादा म्हणाला, मी सांगतो माझ्याकडून गेली. तुमाला ठावं होतं?"

"पावलं तुजी व्हती गो."

"मग बोलला का नाय?"

"परीक्षा व्हती ना तुजी."

गमरेसरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"पेपराच्या दिशी," भैरूनं आता पुन्हा त्यांच्याकडे तोंड केलं, "आमी दोगं पाटंला खाली उतरलो. एकाच्या गोठ्यात म्हस बांधून ठेवलेली, वालाच्या शेतात शिरली म्हनून. सोडवली. मी विनोदला म्हनालो, सरळ वाटंनं नको नेऊस. शाळेच्या मागनं ने. हिरीपाशी थांब, तिला पानी पाज आन् घंटा चांगली वाजू दे. लाकडाची घंटा हाय, माज्या हातची. तसा आवाज दुसऱ्या जनावराचा नाय. पोर आत बसलंय, त्याच्या कानावर जाऊ दे." तो ओशाळून हसला. "चुकलं माजं. अक्षर बदलंल ते मला काय ठावं? लिवून घ्या, साहेब. पोराचं काय नाय त्यात. पेपर मीच बिघडवला."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती, फक्त वह्या भिजू नयेत एवढ्यासाठी त्यांनी तोंड फिरवलं होतं.

"पेपर बिघडला नाही," गमरेसर म्हणाले. "मी वाचलाय तो. अकराव्या पानानंतरचा निबंध फार सुंदर आहे." मग ते एकदम साहेब झाले. "रंजिता, जबाब लिही. काय झालं ते तुझ्या शब्दांत. पर्यवेक्षकांनी समज दिल्यावर जागेवर येऊन बसलीस, हेही लिही. वडिलांचा अंगठा घ्या. हिचा निकाल सगळ्यांबरोबर लागेल."

रंजिता लिहायला बसली. बाई तिच्यामागं उभ्या राहिल्या, जुन्या खोडीप्रमाणे. पहिल्या दोन ओळी उभट आल्या. तिसऱ्या ओळीत काजळीचं नाव आलं आणि अक्षर हलकेच सैल झालं. पुढं विनोददादा आला. त्याच्यापुढं विहीर आली, घंटा आली आणि शिरोरेषा वर चढू लागल्या. पान संपेपर्यंत ते अकराव्या पानाचं अक्षर झालं होतं.

शिपायानं शाईचा पॅड आणला. भैरूनं अंगठा उमटवला आणि उरलेली शाई डोक्याच्या केसांना पुसली.

गमरेसर जबाब वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी तो बाईंकडे धरला. डोळ्यांत मिस्कीलपणा होता. "काय बाई, तुमचं शास्त्र काय म्हणतं? आता कशी आहे मुलगी?"

अनुपमाबाईंनी कागद घेतला. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, वेलांट्यांसकट, शिरोरेषांसकट. त्यांनी ते गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली, तीही खुशीनं.

"मला नका विचारू सर," त्या म्हणाल्या. "ह्यांना विचारा."

त्यांनी कागद उलटा करून भैरूच्या हातात दिला. त्यानं शाई लागलेला अंगठा जपून दूर धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पाठीमागून, कडेनं, वरून खाली फिरवला. वर थांबला. मधे जरा कमी थांबला. खालच्या ओळींवर अंगठा जेमतेम अडला.

"शेवटाला खड्डा उथळ हाय," तो म्हणाला. "आता भ्यालेली नाय." आणि दाराबाहेर ठेवलेली काठी घ्यायला गेला.